कावळा शिवला नाय

सोमवारी माझी पत्नी सुमन वारली. दिवसकार्य आटोपून मी कर्जतचा माझा दातांचा दवाखाना उघडला.

पहिली पेशंट खालापूरकडची यमुना. सोबत सासू. यमुनाच्या वरच्या पुढच्या दोन दातांमधून हिरडीची लाल गाठ लोंबत होती. हिला आम्ही एप्युलिस म्हणतो. हा कॅन्सर नव्हे. हिरडी चिडली की तिथे मांस वाढतं. पण ही गाठ तिसऱ्यांदा आली होती. एकदा पनवेलला कुणी काढलेली, एकदा मी, सुमन अंथरुणाला खिळलेली असताना. तेव्हाचा मुंबईचा रिपोर्ट स्वच्छ होता. तरी ती परत का येते, ते कळत नव्हतं.

"मूळ राहतंय," मी म्हणालो. "या वेळी दोन्ही दात काढून हाडापर्यंत खरवडतो."

"समोरचं दात?" सासूने यमुनाकडे पाहिलं. "मग हसशील कशी गं?"

यमुनाने तोंडावर पदर घेतला.

मी सिरिंज भरली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. नजर सारखी खुर्चीशेजारच्या स्टुलाकडे जात होती. बायकांना विचारायचे प्रश्न सुमन तिथे बसून विचारायची.

सासूने एकदम माझा हात धरला. "डाक्तर, थांबा. कावळा शिवला नाय."

मला नदीकाठ आठवला. पिंड मांडून आम्ही ऊन तापेपर्यंत उभे होतो.

"शिवला," मी म्हणालो. "उशिरा, पण शिवला."

सासू गोंधळली. मग तिने डोळ्यांना पदर लावला. "वैनींचं नाय हो. हिचं सांगते. पाळी चुकलीय, तिसरा म्हैना चाललाय."

मी सिरिंज ठेवली. "मागच्या दोन्ही वेळेस गाठ आली तेव्हा?"

"तवा बी दिवस गेलं व्हतं. दोनी पडली. म्हनून या खेपंला आमी तोंडच उघडलं नाय. दिष्ट लागती."

"दाताच्या डॉक्टरपुढे तोंड उघडायचं नाही, मग कुणापुढे?"

यमुना पदराआड हसली.

गरोदरपणात हिरड्या सुजतात. दातांवर कीटण असेल तर तिथेच गाठ धरते. बाळंतपणानंतर बहुधा ती आपोआप बसते. मी जे मूळ खरवडायला निघालो होतो, ते हाडात नव्हतंच.

कीटण काढलं. मिठाच्या गुळण्या सांगितल्या. बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंकडे चिठ्ठी दिली. पुढचे महिने यमुनाची काही खबर आली का म्हणून मी प्रत्येक बैलगाडीच्या आवाजाला दारात जात होतो.

यमुनाला मुलगी झाली. सासू तिला दाखवायला घेऊन आली तेव्हा यमुनाची गाठ मसुराच्या दाण्याएवढी उरली होती. तेवढी काढली. दात जागेवर राहिले.

बाई पेशंट असेल तर हिरडी बघण्याआधी पाळी विचारावी. ते आता मीच विचारतो. स्टूल तिथेच आहे.