शिंदीच्या जत्रेतलं नाक

चहाचा कप पुढे केला, तरी मामा तो लगेच हातात घेत नसत. आधी मान पुढे काढून वास घेत, मग हात यायचा. चहाचं सोडा, एकदा मी रजेचा अर्ज वरच्या साहेबांकडे न्यायला दिला, तर तोही हुंगला. तुम्ही म्हणाल, अर्जाला कसला वास? मलाही तेच वाटलं. मामा म्हणाले, "शाई बदलली व्हय साहेब?" खरंच बदलली होती.

दौंड तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये मी केमिस्ट म्हणून नुकताच लागलो होतो. सत्तरचं दशक सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मामा तिथे मदतनीस होते; सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणे. पन्नाशीचे, काटकुळे, सदैव इस्त्रीचा सदरा. मी बाटल्या, नळ्या, लिटमस मांडून बसायचो, तेवढ्यात मामा दारातूनच सांगायचे, "तीन नंबरचा रस आंबलाय." अर्ध्या तासाने माझं उत्तर तेच यायचं. माझ्या पदवीची त्यांनी कधी थट्टा केली नाही, हाच त्यांचा मोठेपणा.

पण माणूस मला कळत नव्हता. मामांनी छप्पनच्या दीक्षेनंतर पंचशील घेतलेलं, दारूचा थेंब घेत नसत. देव तर घरातून केव्हाच गेलेले. आणि हेच मामा दर चैत्रात रजा टाकून राहू गावाच्या पुढे नदीकाठच्या एका गावी म्हसोबाच्या जत्रेला जात. जत्रा कसली, तर शिंदीची! ओढ्याकाठच्या शिंदीच्या झाडांना मडकी बांधून जो रस काढतात, तो पहाटे गोड असतो, उन्हं चढली की फेसाळतो आणि डोक्यात जातो. आसपासच्या गावांतून शिंदी काढणारे आपापली घागर घेऊन येत. पलीकडचे शिरूर तालुक्यातले लोक तर नावेतून घागरी आणत. कायद्याने बंदी होती म्हणा, पण त्या दिवशी कायदा तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला गेलेला असायचा.

या सगळ्या घागरींतली कुठली आधी देवाला चढवायची, ते ठरवायचे मामा. नुसत्या वासावर.

"मामा, तुम्ही पीत नाही, देव मानत नाही. मग जाता कशाला?"

"देव त्येंचा, घागर त्येंची. नाक तेवढं माझं."

यावर मी आणखीच गोंधळलो. पुढे एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी नीट सांगितलं. हे काम त्यांच्या वडिलांकडे होतं. वडिलांनी घागरीला शिवायचं नाही. लांब उभं राहायचं, दुसरा कुणी घागर तिरकी करणार, वारा येईल तसा वास घ्यायचा आणि बोट दाखवायचं. वडिलांनंतर हे काम मामांकडे आलं. दीक्षा घेतल्यावर त्यांनी निरोप धाडला, घागर माझ्या हातात द्याल तर नाक मिळेल. गावाने दोन वर्षं स्वतःच निवड करून पाहिली. दुसऱ्या वर्षी निम्मी जत्रा पोट धरून बसली. तिसऱ्या वर्षी जत्रेचे मुख्य, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते बागाईतदार स्वतः मामांच्या दारी आले.

"पहिली घागर आबांनी माझ्या हातात दिली," मामा म्हणाले. "लई जड हुती ओ."

तर असं होतं ते नाक. आणि तेच गेलं.

कारखान्यात माणसं कमी पडली म्हणून मामांना सलग दोन हंगाम, रस स्वच्छ करायला गंधक जाळतात त्या भट्टीवर धाडलं होतं. खोकत परत आले. एके दिवशी कोपऱ्यातला कुजलेला रस लॅबभर घाण मारत होता आणि मामा शेजारी बसून शांतपणे भाकरी खात होते. मी बघतच राहिलो. त्यांनी माझा चेहरा वाचला.

"कुणाला बोलू नका साहेब. चैतापतुर येईल परत. नाक गेलं म्हणलं, तर हातातली घागर बी गेली."

मी कुणाला बोललो नाही. चैत्र आला, नाक आलं नाही. मामा मला म्हणाले, "औंदा चला बरुबर." कशाला, ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

लिंबाच्या टहाळ्यांनी तोंडं झाकलेल्या अकरा घागरी ओळीने मांडल्या होत्या. मामा एकेक उचलत, डोळे मिटत, खाली ठेवत. सातव्या घागरीशी ते थांबले आणि म्हणाले, "ही."

घागर आबांची निघाली. एवढ्या वर्षांत आबांच्या घागरीला एकदाही मान मिळाला नव्हता. देवाला चढवून झाल्यावर द्रोण फिरले. मी एक घोट घेतला आणि दात आंबले. नुसता सिरका! आजूबाजूला पाहिलं, तर माणसं मिटक्या मारत होती. "व्वा, झ्याक हाय." मला वाटलं, माझ्याच जिभेत खोट आहे.

तेवढ्यात मागून कुणीतरी पुटपुटलं, "आबांपुढं नाक बी वाकलं म्हना की."

मामांनी ते ऐकलं. क्षणभर त्यांचा चेहरा असा झाला, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. मग ते ओळीच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"मला वास येत न्हाई. दोन हंगाम भट्टीवर हुतो, गंधकानं खाल्लं. मी अंदाजानं बोट ठेवलं, ही माझी चूक. पर म्या कुणापुढं वाकलो न्हाई."

आबा पुढे आले. "मामा, आमाला पयल्या घोटालाच कळलं. तरी झ्याक म्हनत पीत हुतो. तुमी घागर धरा, आमी गोड म्हनू. काय बिघडतंय?"

"आबा, माझ्या बापाला तुमी लांब उभं केलं. मी जवळ आलो, तो नाकाच्या जिवावर. आता दया करून हातात घागर देता व्हय? नगं."

आम्ही एस्टीने परतलो. आबांचं चुकलं काय, हे मला कळेना, आणि मामांचंही काही चुकलेलं दिसेना. दोघंही बरोबर असून दोघांच्याही तोंडावर अपराध्यासारखी कळा होती.

पुढच्या चैत्रात मामा गेले नाहीत. मी मात्र गेलो, का ते विचारू नका. घागरी मांडलेल्या, पण निवडायचं कुणी? कुणी पुढे होईना. शेवटी आबा उठले आणि आपली घागर ओळीतून उचलून बाजूला ठेवत म्हणाले, "माझी आंबट हाय. ही चढवायची न्हाई. ज्येनं त्येनं आपल्या घागरीचं खरं सांगा." मग एकेक जण बोलू लागला. कुणाची पातळ होती, कुणी मडकं नीट धुतलं नव्हतं. असली जत्रा मी पुन्हा पाहिली नाही.

निघताना आबांनी मला त्यांच्या घागरीतलीच शिंदी दिली. मधासारखी गोड होती. अकरांतली बहुधा सगळ्यात गोड. मी आबांकडे पाहिलं, तर ते नदीकडे बघत होते.

सोमवारी लॅबमध्ये मामांना सगळं सांगितलं. हातातली बाटली धुवायचं थांबवून ते ऐकत राहिले.

"आबा आधी बोलले?"

"हो, सगळ्यांच्या आधी."

"आन् तुमी चाखली त्येंची? खरंच आंबट हुती, का मला बरं वाटावं म्हून बोलले?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना दया नको होती, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"आंबट होती मामा," मी म्हणालो. "दात आंबले."

"मग ठीक," मामा म्हणाले, आणि पुन्हा बाटली धुवायला लागले.