दोन बेटं आणि एक तपासनीस

आमच्या ह्यांना डेपोत सगळे ‘चिमटा’ म्हणायचे. पाठीमागे हं, तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती? जन्मभर बसमध्ये तिकिटं तपासली. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा खिशात आणि संशय रक्तात. घरी कुणी पाहुणा ‘जेवून आलोय’ म्हणाला, की हे विचारणार, ‘काय जेवलात?’ लग्नानंतर पहिल्यांदा मी म्हटलं, डोकं दुखतंय, तर म्हणाले, ‘कुठल्या बाजूला?’ आता अशा माणसाबरोबर संसार केला म्हटल्यावर मीही थोडीफार त्याच वळणावर गेले, त्यात माझा काय दोष?

तर हा माणूस निवृत्त झाला आणि एका संध्याकाळी दोन गुळगुळीत पुस्तिका माझ्यापुढे टाकून म्हणाला, “सुट्टीला जाऊ या. बेटावर. दोन बेटांवर दोन रिसॉर्टं आहेत, त्यातलं एक निवडायचं.”

मी भाजी चिरत होते. हात थांबलाच. ज्या माणसाने मला कधी साध्या बागेतल्या बाकावर नेऊन बसवलं नाही, तो आता मला नारळाच्या झाडाखाली झोपाळ्यात बसवणार? कुठेतरी पाणी मुरत होतं. मी हात पुसून पुस्तिका उचलल्या. पहिलीवर निळा समुद्र, दुसरीवरही निळा समुद्र. पण दुसरीवरचं नाव मी दोनदा वाचलं. त्या रिसॉर्टमध्ये आमची लेक कामाला आहे, रिसेप्शनवर. हे मला माहीत होतं. ह्यांना माहीत नव्हतं. म्हणजे, नसायला हवं होतं.

बापलेकीचं बोलणं कित्येक वर्षं बंद आहे. ती कॉलेजात होती तेव्हाची गोष्ट. बसमध्ये हे तपासायला चढले, तर समोर लेक. तिकीट विचारलं. ती म्हणाली, “मैत्रिणीच्या पर्समध्ये राहिलं बाबा, ती मागच्या स्टॉपवर उतरली.” हे म्हणाले, “सगळे असंच सांगतात.” आणि भरल्या बसमध्ये पोटच्या पोरीच्या हातात दंडाची पावती ठेवली! लोक माना वळवून बघत होते. संध्याकाळी मैत्रीण धापा टाकत दारात आली, दोन्ही तिकिटं घेऊन. ह्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, परत दिली आणि तोंडातून ब्र काढला नाही. चुकलो म्हणायला जीभ झडणार होती का? पोरीने शिक्षण संपवलं, लांबची नोकरी धरली, मग आणखी लांबची. जाताना मला म्हणाली, “दुसऱ्या कुणी विश्वास ठेवला नसता ना आई, तर मी विसरले असते.”

तिचा फोन दर रविवारी येतो, कारण रविवारी हे न्हाव्याकडे जातात. डोक्यावर केस मोजून चार, आणि दर रविवारी तासभर न्हाव्याकडे! मला आधी वाटलं, पत्ते कुटत असतील. पण माझ्या पथ्यावरच पडत होतं, म्हणून मी चौकशी केली नाही. लेकीची एकच अट होती, बाबांना कळू द्यायचं नाही. त्यामुळे माझी अळीमिळी गुपचिळी.

आणि आता ही पुस्तिका. योगायोग असेल? ह्यांच्या आयुष्यात योगायोगाला कधी बसायला जागा मिळालेली नाही. मी साळसूदपणे म्हटलं, “मला बाई हे पहिलं आवडलं.”

झालं! चष्मा पुसून, भिंग घेऊन हे बसले. “ही बाई बघ. इथे पोहतेय, पुढच्या पानावर हीच जेवतेय, शेवटच्या पानावर हीच मालिश करून घेतेय. ह्यांच्याकडे पाहुणी एकच आहे वाटतं. आणि हे काय, ‘समुद्र दोन पावलांवर’? कुणाची पावलं? वर म्हणे नाश्ता फुकट. फुकट देणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.”

“मग ते दुसरं तरी काय मोठं लागून गेलंय?” मी म्हटलं. “बोट दिवसातून एकदाच. खोल्या टेकडीच्या मागच्या बाजूला. फोटोत समुद्र दिसतोय तो जेवणघरातून, खोलीतून नाही.”

“चालायचंच,” हे म्हणाले.

चालायचंच? हा शब्द ह्या माणसाच्या तोंडून मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. मनात पाल नुसती चुकचुकली नाही, चांगली ओरडली. ह्यांना सगळं ठाऊक होतं. आणि आता निघाले होते तिथे तपासणीला! नोकरी खरी की खोटी, राहते कुणाबरोबर, खाते काय. परक्या मुलखात, पाहुण्यांसमोर, माझी पोर पुन्हा चारचौघांत मान खाली घालून उभी राहणार. एकदा सोसलं तिने, दुसऱ्यांदा मी होऊ देणार नव्हते.

“अहो, सरळ सांगा. तिथेच का?”

ह्यांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. “तिथे काउंटरवर पाहुण्यांची कागदपत्रं तपासतात.”

“मग?”

“तपासू दे तिला माझी. सगळ्यांदेखत. लागेल तेवढा वेळ घेऊ दे. मी उभा राहीन.”

मी हातातली पुस्तिका खाली ठेवली. विचारलं, “तुम्हाला सांगितलं कुणी?”

“सांगायला कशाला हवं? एका रविवारी चष्मा विसरला म्हणून जिन्यातून परत आलो. तू तिच्याशी बोलत होतीस. बेटाचं नाव घेतलंस, काउंटरवरच्या पाहुण्यांचं काहीतरी विचारलंस, आणि हसत होतीस. मग मी तसाच खाली गेलो.”

“आणि त्यानंतर दर रविवारी?”

“न्हाव्याच्या बाकावर बसतो. तो बिचारा पेपर देतो वाचायला. कापायला आहे काय इथे?” असं म्हणून स्वतःच्या टकलावरून हात फिरवला.

मला इतका राग आला म्हणून सांगू! मी चोरासारखी कुजबुजत राहिले, दाराकडे कान लावून राहिले, आणि हा माणूस मुद्दाम बाहेर बसून मला बोलायला वेळ देत होता. रागही आला आणि रडूही आलं. पदराने डोळे पुसले आणि रविवार नसताना फोन लावला.

पलीकडून पहिलाच प्रश्न आला, “आज कसा फोन? बाबांना काही झालं का?”

“काही नाही गं. धडधाकट आहेत. तिकडे यायचं म्हणतायत.”

ती अगदी ह्यांच्याच आवाजात म्हणाली, “कशाला? तपासायला?”

ह्यांनी हात पुढे केला. फोन द्यावा की न द्यावा? पुन्हा काही वाकडं बोलले तर आहे तेवढाही धागा तुटायचा. पण तो हात काही मागे जाईना. मी फोन दिला. कशी आहेस नाही, काही नाही. एकदम म्हणाले, “तुझ्याकडे तिकीट होतं.”

बस, एवढंच. फोन माझ्या हातात कोंबला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग लेक म्हणाली, “आई, बोट दिवसातून एकच असते. त्यांना सांग, चुकवू नका.” आणि फोन ठेवून दिला.

“काय म्हणाली?” हे भिंतीकडे बघतच विचारत होते. मी सांगितलं.

“नक्की असंच म्हणाली?”

“अहो, आता तरी ठेवा विश्वास!”

हे वळले. माझ्याकडे बघत राहिले, अगदी सवयीप्रमाणे, आधी चेहरा, मग हात.

“ठेवला,” म्हणाले, आणि माळ्यावरची बॅग काढायला स्टूल आणायला गेले.