फाटकी चप्पल

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात शिष्यवृत्तीचे अर्ज घेणारे कारकून उत्पन्नाचा दाखला नंतर बघायचे, आधी पोराचे पाय. “दाखला खोटं बोलतो, चप्पल नाही,” म्हणायचे. म्हणून होस्टेलची पोरं, रावेरची केळीच्या बागांवालीसुद्धा, माझी फाटकी चप्पल घालून आत जात.

शेवटचा नंबर माझा. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“ही चप्पल सकाळपासून इथं येतेय. तू तरी दुसरी आणायचीस!”

चप्पल माझीच आहे हे सांगताना घाबरून माझ्या तोंडून घरची बोलीच बाहेर पडली. “भाऊ, मनीच शे हो ती!”

त्यांनी माझ्या भेगाळलेल्या टाचा पाहिल्या, शिक्का मारला आणि हळूच म्हणाले, “पोरांकडून भाडं घेत जा. फक्त उत्पन्नात दाखवू नको.”