साडेअकराची गाडी

"मंगल, या वहीत साडेअकरा फार आहेत गं," मॅडम म्हणाल्या.

मी मायक्रोटोमवर बसले होते. मेणाच्या वडीत पक्का केलेला गाठीचा तुकडा कागदाहून पातळ कापायचं हे मशीन. हात जरा हलला तरी कापाला सुरकुती पडते. माझ्या कापाला सुरकुती पडली.

मॅडम म्हणजे आमच्या लॅबच्या डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट. रत्नागिरीत आणि आसपास ऑपरेशनमध्ये गाठ निघाली की ती आमच्याकडे येते. आम्ही कापतो, रंगवतो, काचेवर चढवतो. मॅडम मायक्रोस्कोपखाली बघून कॅन्सर आहे की नाही ते सांगतात. त्यांच्या हातात त्या दिवशी माझी आवकची वही होती आणि दुसऱ्या हातात एक छापील मेल.

त्यांनी एक पेपर लिहून परदेशातल्या जर्नलला पाठवला होता. जर्नलवाले पेपर लगेच छापत नाहीत. आधी त्याच विषयातल्या अनोळखी जाणकारांना वाचायला देतात. त्यांना रिव्ह्यूअर म्हणतात. पेपरबरोबर वेळांचा तक्ता जोडला होता. एका रिव्ह्यूअरने तो ओळीने वाचला आणि विचारलं, एका गावाहून येणारी इतकी सॅम्पल्स मिनिटाचाही फरक न पडता साडेअकरालाच कशी पोचतात?

"राजापूरची गाडी साडेअकराला लागते, म्हणून ना?" मॅडमनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"तेच कळवते. त्यांना बिचाऱ्यांना आपली गाडी काय माहीत." मॅडम हसल्या आणि केबिनमध्ये गेल्या.

मी ती वडी परत बर्फावर ठेवली.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. मी हिंगोली जिल्ह्यातली, आठवीत शाळा सोडलेली. नवऱ्याला बंदरावर क्रेनचं काम मिळालं म्हणून इतक्या लांब आले. लॅबमध्ये लागले ती काचेच्या बरण्या धुवायला. माझ्या बरण्या स्वच्छ असतात म्हणून मॅडमनी मला आत घेतलं. मेण ओतायला, मग काप घ्यायला शिकवलं. आज सुईच्या टोकाएवढ्या तुकड्याचा काप कोणी घ्यायचा म्हटलं तर मॅडम माझ्याकडे बघतात. हे सगळं त्यांचं देणं आहे. म्हणूनच तो 'हो' मला गिळता येईना.

आता पेपरचा विषय. गाठ शरीरातून काढली की तिचं रक्त थांबतं आणि ती आतून नासायला लागते. बर्फाविना मासळी नासते तशीच. फॉर्मालिनमध्ये बुडवली की नासणं थांबतं. पण लहान हॉस्पिटलं गाठ नुसत्या सलाईनमध्ये घालून पाठवायची. फॉर्मालिन आमच्याकडे आल्यावर पडायचं. स्तनाच्या गाठीची आम्ही आणखी एक टेस्ट करतो. पेशींना तपकिरी रंग चढला तर त्या बाईला हार्मोन रोखणारी गोळी लागू पडते. गाठ उशिरा फॉर्मालिनमध्ये गेली तर रंग चढत नाही. रिपोर्ट निगेटिव्ह जातो आणि जी गोळी लागू पडली असती ती तिला मिळतच नाही. किती उशिराने किती रंग जातो, हे मॅडम मोजत होत्या. गाठ काढल्याची वेळ हॉस्पिटलच्या फॉर्मवर असायची. पोचल्याची वेळ माझ्या वहीतून घेतली होती.

आणि माझ्या वहीत पहिली दोन वर्षं गाडी पोचल्याची वेळ नव्हती. वेळापत्रकातली वेळ होती.

एसटी स्टँडवर जाऊन ड्रायव्हरकडून सॅम्पल्सचा डबा आणायचं काम माझं. हायवेचं काम चालू होतं, गाडी कधी बाराला यायची, कधी एकला. मी खरी वेळ लिहिली असती तर कोणीतरी विचारलं असतं, गाडी एकला आली की तू एकला गेलीस? मी परमुलखातली, नवीन. माझ्या बाजूने कोण बोलणार? मी साडेअकरा लिहून मोकळी व्हायची.

जेवायच्या सुट्टीत हे मी नरेशदादाला सांगितलं. हा आमच्या काउंटरवरचा, मिरकरवाड्याचा. घरच्या दोन होड्या आहेत, पण याला समुद्र लागतो म्हणून लॅबमध्ये.

"गप ऱ्हा," तो म्हणाला. "मॅडमांनी तीन वर्षं घातलीत त्या पेपरात. तुझ्या साडेअकरापायी बुडवतेस काय?"

"खोटं आहे ना ते."

"अगो, सगळं जग लिवतंय तसंच. तुम्ही घाटावरची माणसं म्हणजे…" पुढचं त्याने सुकटीबरोबर गिळलं. मग डबा बंद करताना हळूच म्हणाला, "जायचं तर आताच जा. मेल गेली की मग काय उपेग नाय."

मी गेले. मॅडम उत्तर टाइप करत होत्या.

"मॅडम, ते साडेअकरा गाडीचे नाहीत. माझे आहेत."

त्यांनी चष्मा काढला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. नोकरी गेली हे मी धरूनच चालले होते.

"सगळी वही तशी आहे?"

"नाही. तुम्ही मला दोन काचा दाखवल्यात, त्या दिवसापासून खरं लिहिलंय."

लॅबमध्ये दोघांना एकदम बघता येईल असा मायक्रोस्कोप आहे. त्यावर मॅडमनी मला एकदा दोन काचा दाखवल्या होत्या, एक गर्द तपकिरी, एक फिकट निळी. रोग सारखाच. फिकटवाली गाठ उशिरा पोचली होती. तोवर मला कोणी सांगितलंच नव्हतं की वहीतल्या वेळेचा बाईच्या गोळीशी संबंध आहे. त्यानंतर मी स्टँडवर घड्याळ बघूनच डबा हातात घ्यायची.

"खोटं लिहिलंस असं मी म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या. "घाबरून लिहिलंस. पण तक्त्याला त्याने काही फरक पडत नाही." मग वहीची पानं उलटत त्या थांबल्या. "प्रत्येक पानावर माझी सही आहे बघ. सही करत होते, वाचत नव्हते."

त्यांनी मला पेन्सिल दिली. "ज्या ओळीला घड्याळ बघितलंस, तिथे टिक कर. नक्की आठवत असेल तरच. अंदाज पुरे झाले."

दोन दिवस मी टिका केल्या. अर्ध्याहून जास्त वही बाद झाली. मॅडमनी तक्ता नव्याने मांडला. मी चहा घेऊन गेले तर त्या स्क्रीनकडे एकटक बघत होत्या.

"बस," त्या म्हणाल्या. "ही ठिपक्यांची रांग बघ. जसा उशीर वाढतो तसा रंग खाली जातो. आधी हेच ठिपके पसरले होते रांगोळी फिसकटल्यासारखे. वेळ तीच, तरी एक काच गर्द, एक फिकी. मी त्याची चार पानं कारणं लिहिली होती."

"आणि कारण मी होते."

"कारण तू होतीस. चार पानं फुकट."

त्यांनी जर्नलला खरं ते कळवलं. सॅम्पल्स कमी पडली म्हणून मोठा पेपर काही झाला नाही. छोटा रिपोर्ट म्हणून छापला. माझी नोकरी राहिली.

छापून आल्यावर त्यांनी मला एक वाक्य मराठी करून वाचून दाखवलं: सुरुवातीच्या काळातील नोंदी वगळल्या आहेत, कारण त्यांत पोचण्याची वेळ प्रत्यक्ष न पाहता बसच्या वेळापत्रकावरून लिहिली होती.

"फॉरेनला गाजलीस गो," नरेशदादा म्हणाला. "लोकांची नावं छापतात, तुझी चूक छापली."

छापली ते बरं झालं. तो रिपोर्ट दाखवून मॅडमनी लहान हॉस्पिटलांना ऑपरेशनच्या खोलीतच फॉर्मालिन ठेवायला लावलं. बरण्या भरून द्यायला आणि सिस्टरना शिकवायला आता मी जाते. आठवी सोडलेली बाई नर्सना शिकवते आणि त्या ऐकतात. गाठीच्या दहापट फॉर्मालिन, आधी गाठ बुडवायची, मग लेबल, मग वेळ.

परवा एका सिस्टरने विचारलं, "ताई, कामाच्या गडबडीत पाच-दहा मिनिटं उशीर झाला तर चालतो ना?"

"चालतो," मी म्हणाले. "झाला तेवढा लिहा म्हणजे झालं."