दुपारचा ड्रम

मलकापूरच्या पलीकडं एका वस्तीवर बनुबाईच्या परसात गोबरगॅसचा लोखंडी ड्रम शेणकाल्याच्या खड्ड्यात तरंगत असतो. पोटात गॅस साठला की वर येतो, स्वयंपाक झाला की खाली बसतो. तिचे मालक लालासाहेब फौजेतून रजेवर आले होते तेव्हा त्यांनी तो बसवला आणि त्यावर पांढरे पट्टे ओढले. एका पट्ट्यात अठरा भाकरी, हा अंदाज मात्र बनुबाईचा स्वतःचा. चौथीत शाळा सुटलेली ही बाई पट्टे फक्त उगवतीला बघायची. दुपारी कुणी बघितले तर म्हणायची, "उन्हात गॅस फुगतो रं. माल तेवढाच, नुसता ऐसपैस बसतो."

लालासाहेब जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा धनाजी हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आला आणि त्याच्या डोळ्यांत ड्रम खुपू लागला.

"आई, घरात दोन सिलिंडर हायत. हे गंजकं भंगारात घालू."

मालकांच्या हातची तेवढीच एक वस्तू रोज बनुबाईशी बोलायची. पण रडून काही मागायचा तिचा स्वभाव नव्हता.

"आयतवारी तुझं बारा जोडीदार जेवायला येणार न्हवं? सगळा सैपाक ह्याच गॅसवर करते. शेगडी विझली तर ने भंगारात. न्हाई विझली तर परत नाव काढायचं न्हाई."

"ठरलं," धनाजी म्हणाला.

रविवारी उगवतीला पाच पट्टे वर होते. बारा माणसांना नेमके पुरेसे. दुपारी धनाजीनं पाहिलं तर तापलेला ड्रम सहाव्या पट्ट्याला टेकलेला. गडी खूश झाला आणि फोन करून इस्लामपूरच्या आणखी चौघांना बोलावून बसला. त्यात कपट नव्हतं, हौस होती.

बनुबाईनं कपाळाला हात लावला. मग उठली, मटणाच्या नि भाताच्या पाण्याचे हंडे पत्र्यावर उन्हात नेऊन ठेवले. ऊन गॅसला फुगवतं, तर पाणीही तापवू दे. त्यात तिचा एक पट्टा वाचला.

दिवस कलला तसा ड्रम गार होऊन मुकाट खाली बसला. रस्सा झाला, भात झाला. पाहुणे पानांवर बसले तेव्हा शेवटचा पट्टा नि शेवटच्या अठरा भाकरी उरल्या होत्या. पण दोन्ही शेगड्या एकदम चालू, ज्योत मलूल झाली. तवा तापेना, भाकरी फुगेना. धनाजीनं ते बघितलं आणि तडक बाहेर गेला. सिलिंडर आणायला गेला असणार, आपण हरलो, असं बनुबाईला वाटलं आणि तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात ज्योत निळी होऊन ताठ उभी राहिली. बनुबाईनं खिडकीतून बघितलं. हवालदारसाहेब ड्रमवर मांडी घालून बसले होते, आणि सोळाजण हातातला घास तसाच धरून बघत होते.

"वजनानं गॅस वाढत न्हाई रं," ती आतून म्हणाली. "नुसता दाबला जातो. जाळ मोठा झाला की लवकर सरतो."

"ठाव हाय. तू भरभर थाप."

अठरावी भाकरी टम्म फुगली. बनुबाईनं शेगडी आपल्या हातानं बंद केली आणि बाहेर आली.

"विझली असती तर तूच जिंकला असतास की."

धनाजी ड्रमवरून खाली उतरला. "ध्यानातच आलं न्हाई. ल्हानपणी आबा रजेवर आले नि जाळ कमी झाला की मला हितंच बसवायचे. पाय आपसूक वळले."

सोमवारी भंगारवाला हाक देत आला, तेव्हा धनाजी ड्रमवर नवे पांढरे पट्टे ओढत होता. सकाळचे सहा वाजले होते, कारण आईनं दुपारी ओढू दिले नसते.