माझ्या पट्ट्यांवर ‘नाही’ नव्हतं

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. ट्रेनिंग कॉलेजातून मी डोक्यात मानसशास्त्र भरून घेऊन आले आणि जोगेश्वरीच्या आमच्या शाळेत पहिलीचा वर्ग मागून घेतला. माणसाचा मेंदू सुटे तुकडे टिपत नाही, अख्खी आकृती टिपतो, असं आम्हाला शिकवलं होतं. मग बाराखडी घोकून पोरींचे घसे कशाला कोरडे करायचे? मी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर पूर्ण वाक्यंच लिहिली. आई घरी आहे. गाय पांढरी आहे. ताई बरी आहे. “अक्षरात अडकू नका गं, वाक्य बघा,” असं रोज बजावायची. दिवाळीपर्यंत पोरी धडाधडा वाचायला लागल्या आणि मला शिंगं फुटली.

त्यांतली एक गिरणी कामगाराची मुलगी. तिच्या आईला वाचता येत नव्हतं. गावाहून, मालवणकडून कार्ड आलं की ती ते शेजारच्या बिऱ्हाडात नेऊन वाचून घ्यायची. त्या वेळी मात्र भावाचं कार्ड तिने कौतुकाने लेकीच्या हातात दिलं. लेकीने ते एका दमात वाचलं, “आई बरी आहे. लोभ असावा.” चाळीत साखर वाटायची तेवढी बाकी राहिली.

पंधरा दिवसांनी गावचा माणूस आला तो म्हातारी गेल्याचं सांगायलाच.

ती बाई कार्ड घेऊन शाळेत आली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. “बाई, काय लिवलेला आसा ता माका वाचून दाखवा,” एवढंच म्हणाली. मी वाचलं, “आई बरी नाही. लवकर ये.”

पोरीने पहिले दोन शब्द ओळखले आणि तिसरा बघितलाच नाही. कशाला बघेल? माझं एकूण एक वाक्य ‘आहे’वर संपत होतं. पुढे ‘ल’ दिसला, आणि पत्रं ‘लोभ असावा’वर संपतात हे तिला ऐकून ठाऊक होतं. अख्खी आकृती! माझ्या त्या विद्येची मला शिसारी आली, अजून येते.

“तिका बोलू नकात,” पोरीची आई जाताना म्हणाली. “पोरगी म्हणता, बाईंनी शिकवल्यानी तसाच वाचलंय.”

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘नाही’ लिहिलं आणि एकेकीला उठवून वाचायला लावलं. तिची पाळी आली. फळ्याकडे न बघता ती म्हणाली, “बाई, मला वाचता येत नाही.”