हातमोजे की पायमोजे

अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या मोरेश्वर काकांना कुणी "रिटायर झाल्यावर वेळ कसा जातो?" असं विचारलं, की सुमेधा काकू आधी चहाचं आधण वाढवायच्या आणि मग पाहुण्याकडे दयेने बघायच्या. काकांनी जन्मात बॅट धरली नव्हती. बेसबॉलचे नियमही त्यांना धड सांगता येत नसत. पण दीडशे वर्षांपूर्वी पगार घेऊन खेळणारे पहिले संघ अंगात काय घालत, कॉलर कशी, बटणं कुठे, पट्टा केवढा, हे विचारा. म्हणजे नकाच विचारू.

एका आडगावच्या संघाने तर काकांची झोप उडवली होती. त्या संघाचा एकच फोटो शिल्लक, आणि त्यात खेळाडूंचे मोजे काळेकुट्ट. गणवेश-संशोधकांच्या ऑनलाइन ग्रुपात सगळे म्हणायचे, काळे. काका एकटे म्हणायचे, लाल. त्या काळच्या फोटोत लाल रंग काळाच उतरायचा. शिवाय शेजारच्या गावच्या जुन्या पेपरात त्यांना एक टोमणा सापडला होता : 'पाहुण्यांचे पाय भाजलेल्यासारखे लाल आणि पळणंही तसंच.'

"दुश्मन नीट बघतो," काका खुशीत म्हणायचे.

ग्रुपच्या यादीत त्या संघापुढे 'लाल' लिहिलं जावं आणि खाली श्रेय म्हणून आपलं नाव यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या भरात त्यांनी तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात लेख दिला. 'लाल मोजे चढवून खेळाडू मैदानात उतरत.' अंक हातात पडताच, न वाचताच, पानाचा फोटो ग्रुपात टाकला. ग्रुपच्या अमेरिकन प्रमुखांनी पानावर फोन धरला, फोनने इंग्रजी करून दिलं, आणि काकांना उत्तर आलं : 'लाल ग्लव्ह्ज? तेव्हा उघड्या हातांनी खेळत, हेही तुम्हाला माहीत नाही? नोंद थांबवली आहे.'

काकांनी अंक उघडला. छापलं होतं, 'लाल हातमोजे चढवून.'

संपादक वसुधा काकू. पुण्याच्या. फोनवरही पेपर तपासत असल्यासारखं बोलायच्या.

"वसुधाताई, काय करून राहिल्या तुम्ही हे? पायातलं हातात घातलं माझ्या!" काकांचं नागपूर रागात वर यायचं.

"मोरेश्वरराव, 'मोजे' हा शब्द संदिग्ध आहे. बेसबॉल म्हटलं की हातात तो पंजा असतोच. आमचा निहार लहानपणी लिटल लीगमध्ये बेसबॉल खेळलाय. मला शिकवू नका."

"तेव्हा नव्हता ना बाप्पा तो पंजा! बोटं मोडायची लोकांची!"

"मग तसं लिहायचं. वाचक काय तुमच्या डोक्यात शिरून बघणार आहे?"

"शुद्धिपत्र छापा."

"माझ्या अंकाला शुद्धिपत्र लागत नाही. तुमच्या ऱ्हस्वदीर्घाला मात्र लागलं असतं. तेही मीच निस्तरलं. आभार राहू द्या."

फोन बंद. पुढचा आठवडाभर काका घरात नाकातून "संऽदिग्ध आहे!" म्हणत फिरले. भाजीत मीठ कमी पडलं, तरी "संऽदिग्ध आहे!"

मग कमिटीची मीटिंग आली. न येणाऱ्यांसाठी ती नेहमी रेकॉर्ड व्हायची. काका आले, खुर्चीत बसले, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि लालभडक लोकरी पाय समोशांच्या ट्रेशेजारी टेबलावर ठेवला.

"वसुधाताई, हे काय आहे?"

"असभ्यपणा."

"त्याच्या आत. पायात काय आहे?"

"मोजे."

"आणि मी काय लिहिलं होतं?"

"मोजे," वसुधा काकू बोलून गेल्या, आणि मग त्यांना स्वतःचंच ऐकू आलं. "पण संदिग्ध!"

"संजय, रेकॉर्डिंग चालू आहे ना?"

"चालू आहे," मंडळाचा अध्यक्ष संजय कळवळला. "मोरेश्वर काका, पाय खाली घ्या ना यार, खायचंय अजून."

काकांनी रेकॉर्डिंगचा तेवढा तुकडा कापला, फोनकडून त्याखाली इंग्रजी अक्षरं उमटवून घेतली आणि प्रमुखांना पाठवला. संपादिकाबाईंनी स्वतःच्या तोंडाने दिलेली कबुली! प्रमुखांनी हात टेकले. नोंद झाली : मोजे, लाल.

काका खुर्चीतून उडालेच. न वाचताच त्यांनी यादीचं ते पान मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं आणि खाली लिहिलं, 'काहींच्या माहितीसाठी.'

चहाला उकळी यायच्या आत वसुधा काकूंचं उत्तर आलं. त्याच पानाचा फोटो, आणि 'श्रेय' या शब्दापुढे लाल गोल. संशोधकांच्या ग्रुपात काका 'रेडलेग्ज' या टोपणनावाने वावरायचे. खरं नाव प्रमुखांनी क्लिपखालच्या अक्षरांतून उचललं होतं, आणि संजयने मारलेली हाक फोनला जशी ऐकू आली तशी तिथे उमटली होती. श्रेय : मूर शॉ.

खाली एकच ओळ होती.

'अभिनंदन, शॉसाहेब. शुद्धिपत्र हवं असल्यास रीतसर अर्ज करावा. ऱ्हस्वदीर्घ तपासून.'